'लागते म्हणून घेतो'



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांचा विषय मानसशास्त्र आणि वाहन सायकल. निवृत्तीच्या दिवसापर्यंत ते सायकलवरूनच महाविद्यालयात आले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मोटारीवर बोलायचे म्हणजे थोडा आगाऊपणाच. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एका ज्येष्ठांनी फोनवर विचारलेच, "मोटारीत कसले आलेय मानसशास्त्र? लागते म्हणून घेतो माणूस!" मला वाटते, आजच्या व्याख्यानाला याहून चांगला पूर्वपक्ष मिळाला नसता. तेव्हा पुढचा तासभर मी या 'लागते'चाच पिच्छा पुरवणार आहे.

गाडी लागते, यात खोटे काही नाही. मुलांची शाळा एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला, आईचा दवाखाना तिसरीकडे, आणि बस येईल तेव्हा येईल. पण निव्वळ लागणारी वस्तू माणूस रविवारी सकाळी शांपू लावून धूत नाही. मिक्सर लागतो, गीझर लागतो. त्यांचे फोटो कुणी घरच्या ग्रुपवर पेढ्यांसकट टाकत नाही. दसऱ्याला झेंडूचा हार घरातल्या फ्रिजला क्वचित, गाडीला हमखास.

२००५ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातील लिंडा स्टेग यांनी मोटार वापरण्यामागच्या हेतूंवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. हेतूंचे त्यांनी तीन गट केले. पहिला कामाचा: वेळ, खर्च, सोय. दुसरा प्रतीकाचा, म्हणजे लोक आपल्याला काय समजतील. तिसरा भावनेचा, चालवताना काय वाटते. सरळ विचारले तर आपण सगळेच पहिल्या गटातली कारणे पुढे करतो. पण कामावर जायला कोण किती वेळा गाडी काढतो याच्याशी ताडून पाहिले, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे नाते अधिक घट्ट निघाले. म्हणजे आमच्या ज्येष्ठांचे 'लागते' खरे, पण काय लागते हे त्यांनी सांगितले नव्हते.

प्रतिष्ठेपासून सुरुवात करू, कारण ते उत्तर सगळ्यांना पाठ असते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो जगापुढे आणली. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही गाडी सुचली, असे ते सांगत. किंमत लाखभर. गरजेचाच हिशेब मांडायचा तर इतकी सरळ वस्तू या देशात क्वचित निघाली असेल: चौघे कोरडे राहतात, लेकरू पेट्रोलच्या टाकीवर बसत नाही, आई एका बाजूला पाय सोडून जीव मुठीत धरत नाही. २००९ साली नोंदणी झाली तेव्हा दोन लाखांवर अर्ज आले आणि गाड्या सोडतीने द्याव्या लागल्या. पुढे जून २०१८ मध्ये अख्ख्या महिन्यात एकच नॅनो तयार झाली. मधल्या काळात सिंगूरहून साणंदला कारखाना हलवण्यात वेळ गेला, काही गाड्यांनी पेट घेतला, हे सगळे खरे. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' अशी तिची ओळख झाली तिथे चूक झाली, हे टाटांनी स्वतःच नंतर बोलून दाखवले. स्कूटरवाल्याला स्कूटरच्या वर्गातून वर चढायचे होते. सोसायटीच्या आवारात त्याची स्कूटर कुणी बघत नव्हते. नॅनो सगळ्यांनी बघितली असती, आणि बघून किंमत ओळखली असती. जगात एकच गाडी अशी होती की जिची किंमत न विचारता सर्वांना ठाऊक होती. त्याने आणखी थोडे थांबून जुनी मारुती घेतली.

आपण पुणेकर या बाबतीत दुसऱ्यांना हसण्यात पटाईत. शहराच्या कडेच्या गावांत जमिनीला भाव आला, गुंठ्यागुंठ्याने रान विकले गेले, पैसा दारात पांढऱ्या फॉर्च्युनरच्या रूपाने उभा राहिला, आणि आपण 'गुंठामंत्री' असा शब्द काढून मोकळे झालो. हसणारे बहुतेक जण दोन पिढ्यांपूर्वी गाडी आलेल्या घरांतले असतात, हे मी नमूद करून ठेवतो. ज्याचा बाप कचेरीच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत उभा राहून 'उद्या या' ऐकून परतला, त्याचा मुलगा मोठी गाडी घेऊन त्याच आवारात शिरतो तेव्हा शिपाई फाटक उघडतो. हा फरक त्याच्या मनाचा खेळ नव्हे. लोक खरोखर वेगळे वागतात, आणि ते मोजूनही झाले आहे.

१९६८ साली अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो आणि मेन्लो पार्क या गावांत केलेला एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. सिग्नलला एक गाडी उभी करायची, हिरवा झाला तरी हलवायची नाही, आणि मागचा हॉर्न कधी देतो ते पाहायचे. कधी ही आडवी गाडी नवी चकचकीत क्रायस्लर असे, कधी जुनाट फोर्ड किंवा रॅम्बलर. जुन्या गाडीमागच्या ८४ टक्के चालकांनी हॉर्न दिला. महागड्या गाडीमागच्या निम्म्यांनीच. मजा पुढे आहे. विद्यार्थ्यांना कागदावर विचारले, 'तुम्ही काय कराल?' मुलगे म्हणाले, महागड्या गाडीला आम्ही आधी हॉर्न देऊ. माणूस कागदावर शूर असतो. आपल्या राज्यात ०००१ या क्रमांकाचे चारचाकीसाठीचे शुल्क सरकारने २०२४ मध्ये पाच लाखांवर नेले, आणि तरीही तो घेणारे आहेत. ज्यांना तो परवडत नाही ते ४१४१ घेऊन, तो 'दादा' वाचला जाईल अशा वळणाने रंगवून घेतात. दोघांनाही हॉर्न न देणारे ते निम्मे लोक हवे आहेत.

धंद्याने हे फार आधी ओळखले. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाड्या दीड कोटी खपल्या आणि त्याही कित्येक वर्षे फक्त काळ्या रंगात. जनरल मोटर्सने रंग दिले, हप्ते दिले, दरवर्षी नवे रूप दिले आणि १९२७ मध्ये मॉडेल टी बंद पडली. १९३८ साली व्हिएन्नातून अमेरिकेत गेलेल्या मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट डिख्टरने वर्षभरातच क्रायस्लर कंपनीला सांगितले, दुकानाच्या काचेत उघड्या टपाची गाडी ठेवा. पुरुष तिच्याकडे बघत आत येतील आणि चार दारांची घेऊन जातील. ते तसेच जात असत, बहुधा बायकोला विचारून.

पण प्रतिष्ठेची साथ इथपर्यंतच. तिच्यामुळे गाडी घेण्याचा उलगडा होतो, चालवण्याचा होत नाही. श्रावणात पहाटे साडेपाचला, घरातले झोपलेले असताना, दहा वर्षांची जुनी अल्टो काढून ताम्हिणीत जाऊन येणारा माणूस कुणाला दाखवायला जातो? रस्त्यावर गुरे आणि धुके. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात गॅड साद आणि जॉन व्होंगास यांनी २००९ साली तरुणांना एकदा पोर्शे आणि एकदा खिळखिळी टोयोटा कॅमरी चालवायला दिली आणि लाळेतले टेस्टोस्टेरॉन मोजले. पोर्शे चालवल्यावर ते वाढले. शहराच्या गजबजाटात वाढले, तसेच जिथे बघणारे फारसे कुणी नव्हते त्या महामार्गावरही वाढले. मुले अवघी ३९ होती, त्यामुळे या प्रयोगावर मी मोठी इमारत उभारणार नाही. पण बघणारे नसताना काय वाढले, हा प्रश्न उरतोच.

माझे म्हणणे असे आहे. मोटारीची ओढ मुळात वेगाची नाही आणि मिरवण्याचीही नाही. ती तत्काळ उत्तर मिळण्याची आहे. चाक तसूभर वळवले की दीड टन लोखंड तसूभर वळते. पाय टेकवला की धावते, उचलला की मंदावते. अर्ज नाही, रांग नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही. दिवसभरात आपल्या किती हालचालींना असे उत्तर मिळते? ऑफिसात पाठवलेल्या मेलला नाही, बँकेतल्या खिडकीला नाही, आणि घरात वाढत्या वयाची मुले असतील तर तिथे तर नाहीच. आपल्या करण्याने जगात काहीतरी होते, आणि लगेच होते, या अनुभवाची भूक माणसाला अन्नासारखी असते. जिथे बाकीचे जग बहिरे, तिथे ही भूक जास्त.

या भुकेचा पुरावा मोटारीबाहेरच अधिक स्पष्ट मिळतो. १९७०च्या सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना कर्कश, अवेळी आवाजात बसवून कामे दिली. काहींच्या हाताशी एक बटण ठेवले: असह्य झाले तर दाबा, आवाज थांबेल, शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबले नाही. आवाज सर्वांनी सारखाच सोसला. तरी नंतरच्या कामात बटणवाल्यांची चिकाटी जास्त आणि चुका कमी. बटण वापरण्यात गुण नव्हता. ते असण्यात होता.

त्याच दशकात स्वीडनमध्ये उल्फ लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोमला येणाऱ्या उपनगरी रेल्वेच्या प्रवाशांचा ताण मोजला, लघवीतल्या ॲड्रेनलिनवरून. काही जण पहिल्या स्थानकावर चढत, काही निम्म्या वाटेवर. ज्यांचा प्रवास लांबचा त्यांना ताण जास्त, असे तुम्ही-आम्ही म्हणू. निघाले उलटे. पहिल्या स्थानकावर चढणाऱ्यांना रिकाम्या डब्यात हवी ती जागा निवडता येत होती, पिशवी ठेवता येत होती, ओळखीच्या माणसाशेजारी बसता येत होते. अर्ध्या वाटेवर चढणाऱ्याला उरलेले घ्यावे लागे. डोंबिवलीकरांना हे कळायला स्वीडन लागत नाही. सकाळी उलट कल्याणला जायचे, तिथे खिडकी धरायची आणि त्याच गाडीने पुन्हा डोंबिवलीवरूनच मुंबईकडे यायचे, हा हिशेब मिनिटांत कधीच बसत नाही. तो माणूस वेळ देऊन निवड विकत घेतो. मोटारवाला नेमके हेच करतो, फक्त पेट्रोलच्या भावात.

म्हणून 'मेट्रोने अठरा मिनिटे वाचतात' असे फलक लावून मोटारवाला हलत नाही. कॅलिफोर्नियात पॅट्रिशिया मोख्तारियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को भागातल्या नोकरदारांना विचारले, घर ते ऑफिस किती वेळ असावा? शून्य म्हणणारे अगदी थोडे. सरासरी निघाली सोळा मिनिटांच्या आसपास. लोकांना तेवढा वेळ हवा असतो. घरचा माणूस ऑफिसचा होण्यासाठी, आणि मधल्या काळात कुणाचाच नसण्यासाठी. आपल्याकडे एकत्र कुटुंबातल्या कित्येक पुरुषांना रडायला किंवा मोठ्याने गायला गाडीखेरीज दुसरी खोली नाही.

उत्तर मिळण्याची ही सवय शरीरात किती खोल उतरते ते पाहण्यासारखे आहे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे पहिले आठवडे आठवा. शेजारी सर बसलेले, त्यांच्या पायाशीही ब्रेक. "क्लच हळू सोडा, हळू... बंद पडली. पुन्हा." चढावर हाफ क्लचवर गाडी धरताना कपाळावर घाम. तेव्हा पाय, क्लच, इंजिन, गाडी या चार वेगळ्या वस्तू असतात आणि प्रत्येकीला वेगळा निरोप द्यावा लागतो. मग एके दिवशी, नेमका कोणता ते कुणालाच सांगता येत नाही, मधल्या वस्तू नाहीशा होतात. माणूस तुळशीबागेच्या बोळातून दोन्ही बाजूंना चार बोटे सोडून गाडी काढतो आणि त्याला रुंदी मोजावी लागत नाही. ती त्याला जाणवते.

लंडनचे हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या मज्जातज्ज्ञांनी १९११ सालीच लिहून ठेवले होते की, शरीराचा जो नकाशा मेंदूत असतो तो कातडीपाशी थांबत नाही. टोपीत लांब पीस खोचणाऱ्या बाईच्या बाबतीत तो त्या पिसाच्या टोकापर्यंत जातो. १९९६ मध्ये जपानच्या आत्सुशी इरिकी यांच्या गटाने माकडांच्या हाती दाताळे दिले. त्याने दूरचा खाऊ ओढायला माकडे शिकली, तेव्हा मेंदूतल्या ज्या पेशी हाताभोवतीच्या जागेला प्रतिसाद देत त्या दाताळ्याच्या टोकापर्यंतच्या जागेला देऊ लागल्या. नुसते दाताळे हातात धरले तर हा फरक पडत नव्हता. ओढावे लागे.

नुसते धरून भागत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. शेजारी बसलेल्याला गाडीचे शरीर मिळत नाही. आंबोली घाटात मागच्या सीटवरचे तोंडाला रुमाल लावतात, चालकाला क्वचितच मळमळते. वळण त्याने आधीच केलेले असते. शेजारची व्यक्ती मात्र ट्रक दिसला की नसलेल्या ब्रेकवर पाय दाबते, आणि त्यावरून संसारात जी वादावादी होते तिच्यात दोघेही खरे असतात. ब्रिटनमधल्या फ्रँक मॅककेना यांनी १९९३ मध्ये दाखवले की, अपघात आपल्याला होईल का, या प्रश्नाचे उत्तर आपण चालवत असू तर 'शक्यता कमी' आणि शेजारी बसलो असू तर तितके निर्धास्त नाही, असे येते. रस्ता तोच, गाडी तीच. चाक कुणाच्या हाती, एवढाच फरक.

या ओढीचे सर्वांत सुंदर रूप मी मोटारीत पाहिलेले नाही. ते या शहरात दुचाकीवर पाहिले. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली: पन्नास सीसी, पायडल मारून सुरू होणारी, पुरुषांनी थट्टेवारी नेलेली. तिच्यावरून शिक्षिका शाळेत गेल्या, परिचारिका पहिल्या पाळीला गेल्या. पुढे ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली, बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली. लाथ मारून स्कूटर सुरू करण्याची मर्दुमकी एका अंगठ्याने निकालात काढली. तोंडाला ओढणी किंवा स्कार्फ गुंडाळलेली पुण्याची मुलगी हा पुढे विनोदाचा विषय झाला. मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. त्याआधी तिच्या प्रत्येक फेरीला एक पुरुष लागत असे: सोडायला भाऊ, आणायला वडील. मैत्रिणीकडून निघायचे कधी, हे भावाच्या क्रिकेटवर ठरे. आता निघायची वेळ तिची. तिला वेग नको होता. ताशी तीसने ती खूश होती. कुणाला विचारावे लागू नये, एवढेच हवे होते. प्रतिष्ठेचा सिद्धान्त मांडणारे बहुतेक पुरुष असल्यामुळे त्यांच्या पुस्तकांत लुना भेटत नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. उत्तर देणारे यंत्र माणसाला एक खोटी गोष्टही शिकवते: गाडी ऐकते, म्हणजे रस्ताही ऐकेल. १९८१ साली ओला स्वेन्सन यांनी विद्यार्थ्यांना विचारले, तुमचे चालवण्याचे कौशल्य इतरांच्या तुलनेत कुठे? अमेरिकेतल्या ९३ टक्क्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवले, स्वीडनमधल्या ६९ टक्क्यांनी. गणिताला हे मान्य नाही, पण शिकवणाऱ्या रस्त्याचाही दोष आहे. चुकीच्या बाजूने ओव्हरटेक केले, काही झाले नाही. फोनवर बोलत चालवले, काही झाले नाही. रस्ता शंभरदा चूक माफ करतो आणि तेवढ्यांदा आपले कौशल्य सिद्ध झाल्याची पावती देतो. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. ज्यांच्या हातून हे घडले, त्यांतल्या बहुतेकांनीही स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवले असते.

तरुणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मिसळते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन वयोगटांना संगणकावर गाडीचा खेळ दिला. पिवळा दिवा लागतो, भिंत कधीही उभी राहील, कुठवर दामटायची ते तुम्ही ठरवा. एकटे असताना तिन्ही गट जवळपास सारखे खेळले. दोन मित्र मागे उभे केले तेव्हा प्रौढांमध्ये फरक पडला नाही, किशोरांचे धाडस सुमारे दुप्पट झाले. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला धोका कळत नाही, हे आपले लाडके गृहीतक चुकीचे आहे. एकटा असताना त्याला आपल्याइतकेच कळते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात जे घडले ते या सभागृहात कुणाला सांगायला नको. मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, आणि गाडी चालवणारा पोलिसांच्या म्हणण्यानुसार सतरा वर्षांचा होता. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती. त्यावर देशभर संताप झाला, तो योग्यच होता. त्यात मी माझ्या विषयाची एक पुरवणी जोडतो: निबंध लिहायला लावणारा धरून चालतो की मुलाकडे माहितीची उणीव होती. त्याच्याकडे उणीव किल्ली नाकारणाऱ्या माणसाची होती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, ती मला निबंधापेक्षा शास्त्रशुद्ध वाटते.

शरीर बंपरपर्यंत पसरते याचाही तोटा आहे. ओरखडा पत्र्यावर पडतो आणि कळ मालकाला येते. समोरच्याचे मात्र शरीर दिसते, चेहरा दिसत नाही. पादचारी एकमेकांना धडकले तर 'सॉरी' म्हणून हसतात, कारण क्षणात डोळे भेटतात. काचेआडच्या माणसाला भुवई उंचावून माफी मागता येत नाही. त्याच्याकडे हॉर्न हा एकच शब्द, आणि तो शिवीसारखाच ऐकू येतो. चेहरा नसेल तर आपण गाडीलाच चेहरा देतो. व्हिएन्नाच्या सोन्या विंडहागर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना गाड्यांचे पुढचे भाग दाखवले. दिवे डोळे झाले, जाळी तोंड झाली, आणि बसक्या, रुंद, बारीक डोळ्यांच्या गाड्या दांडग्या वाटल्या. आजकाल रस्त्यावर अशाच रागीट तोंडाच्या गाड्या का वाढल्यात हे कारखानदारांना विचारायला हवे. कोलोरॅडोतल्या विल्यम श्लेम्को आणि सहकाऱ्यांचा त्याच वर्षीचा निष्कर्ष आणखी मजेशीर आहे: गाडीवर जितकी स्टिकरे जास्त, तितका चालक रस्त्यावर आक्रमक, मग स्टिकरवर शांतीचा संदेश का असेना. स्टिकर म्हणजे जणू आपल्या हद्दीची खूण. आपल्याकडे हा निष्कर्ष लागू करण्याआधी मी थांबेन. रिक्षाच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहिणारा हद्द आखत असतो की मागच्याशी गप्पा मारत असतो, हे कुणीतरी नीट तपासायला हवे. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला सरकारने २०१५ मध्ये मनाई केली. हॉर्न त्यामुळे कमी झाले असे मला तरी ऐकू आलेले नाही.

समृद्धी महामार्गावर वेगळाच प्रकार. तिथे चालकाला झापड येते, आणि दोष लोक चालकाच्या झोपेला देतात. पण तासन् तास वळण नाही, चढ नाही, गाव नाही. रस्ता काही विचारतच नाही, तर हात उत्तर कशाला देतील? घाटात जे मन जागे असते ते या सरळ काँक्रीटवर विझते. वाहन चालवण्याचा सगळा आनंद अडचणीत होता, आणि अभियंत्यांनी ती कष्टाने काढून टाकली. मी त्यांना दोष देत नाही. आणीबाणीत विदर्भातून येणाऱ्या माणसाला माझा आनंद नको असतो.

मग मोटारीच्या या ओढीवर उपाय काय, असे प्रश्नोत्तरांत विचारले जाणारच, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. सियाटलमध्ये बसच्या प्रवाशांचा २०११ मध्ये अभ्यास झाला. बस किती मिनिटांत येणार हे ज्यांना फोनवर कळत होते, त्यांना थांबण्याचा वेळ होता तेवढाच वाटला. ज्यांना कळत नव्हते त्यांना तो प्रत्यक्षापेक्षा लांब वाटला. थांब्यावर उभ्या माणसाला बस मिळण्याआधी उत्तर मिळायला हवे. आपल्याकडे वाहतुकीचा विचार करणारे डबे किती, फेऱ्या किती, तिकीट किती एवढे मोजतात. थांब्यावर खरी वेळ दाखवणारी पाटी, जिची वेळ खोटी ठरत नाही अशी, ही त्यांना सजावट वाटते. माझ्या मते मोटारीशी स्पर्धा तिथूनच सुरू होते.

वेळ होत आल्याची चिठ्ठी आली आहे. शेवटचा मुद्दा या सभागृहातल्या बऱ्याच जणांच्या घरचा आहे, म्हणून तो टाळत नाही. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, मागे घेताना दोनदा खांबाला लागली, रात्री समोरचे दिवे डोळ्यांवर येतात. आता किल्ली कशी मागायची? कायद्याने पंचावन्नानंतर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो आणि डॉक्टरांचा दाखलाही लागतो, पण हा निर्णय शेवटी घरातच होतो. मुले म्हणतात, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही सोडू की!" आणि बाबा का दुखावले हे त्यांना कळत नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली आधीचे अभ्यास एकत्र पाहिले. गाडी चालवणे थांबवलेल्या वृद्धांमध्ये नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळपास दुप्पट आढळला. 'आम्ही सोडू' म्हणजे पुन्हा विचारणे आले, मुलाच्या मीटिंगनंतर, सुनेच्या सवडीने. पन्नास वर्षे ज्याने कुणाला विचारले नाही त्याला मंडईत जायला परवानगी लागते.

माझ्या माहितीतल्या एका घरात हे बरे जमले. मुलाने किल्ली मागण्याआधी कोपऱ्यावरच्या एका रिक्षावाल्याशी महिन्याचे ठरवले आणि त्याचा नंबर फक्त वडिलांना दिला. पैसे वडिलांच्या खात्यातून, वेळ वडिलांची, कुठे गेले ते घरात विचारायचे नाही. पहिले दोन महिने गाडी दारात उभीच ठेवली, विकायची भाषा केली नाही. तिसऱ्या महिन्यात वडिलांनी स्वतः गिऱ्हाईक आणले, आणि मुलाने ठरवली होती त्याहून दहा हजार जास्त घेतले.